वाईट बातमी कुणी दाबत नाही

९ जानेवारी

चि. खबऱ्यास आशीर्वाद.

पन्नाशी उलटली तरी हे नाव काही सुटायचं नाही तुझं. लहानपणी शेजारी भांडण लागलं की भांडणाऱ्यांच्या आवाजाआधी खबर घेऊन आपल्याकडे तू पोहोचायचास. पुढे त्याचेच पगार घेतलेस वीस वर्षं, आणि वर्तमानपत्र बंद पडल्यावर जाऊन बसलास थेट सरकारच्या तिजोरीत. आई असती तर म्हणाली असती, पोरगं एकदाचं गप्प बसलं.

फोन कर म्हणतोस. अरे, मला आता फोनवर अर्धंच ऐकू येतं. बावीस वर्षं बहिऱ्या मुलांना शिकवता शिकवता बाई शेवटी मुलांच्याच बाकावर जाऊन बसल्या. तेव्हा पत्रच बरं.

आता कामाचं. पुलापलीकडच्या मोठ्या शाळेचे हेडमास्तर आले होते. त्यांच्याकडे तीन खोल्या रिकाम्या होताहेत. म्हणाले, तुमची एकेचाळीस मुलं आणि पाचही शिक्षिका जूनपासून आमच्याकडे आणा, वेगळा विभाग करू. माणूस चांगला आहे. पण मला ते जिवावर येतं. तिथे सातशे मुलं. माझी एकेचाळीस कुठल्यातरी कोपऱ्यात बसणार, मधल्या सुट्टीत लोक त्यांच्या हातवाऱ्यांच्या नकला करणार. इथे ती घरचीच आहेत.

इकडे कुजबूज आहे की लहान शाळांचं सरकारी अनुदान या बजेटमध्ये बंद होणार. तसं असेल तर मी मुकाट्याने पूल ओलांडते. नसेल तर हेडमास्तरांना नमस्कार करून मोकळी होते. त्यांना १० फेब्रुवारीपर्यंत उत्तर हवंय, नाहीतर खोल्या कॉम्प्युटरच्या वर्गाला जाणार. माझ्याकडे विचारायला दुसरं कोण आहे? तू तर तिथेच बसतोस. आतलं काही सांगू नकोस, फक्त हो की नाही एवढं सांग.

तुझी
अक्का


१६ जानेवारी

अक्का, नमस्कार.

तुझं पत्र तेराला मिळालं. उत्तराला तीन दिवस लागले, कारण या दिवसांत आम्ही घरी फक्त अंघोळीला आणि झोपायला जातो. ही म्हणते, लॉजवर तरी माणूस रजिस्टरमध्ये सही करतो.

माझी खोली तू पाहिलेली नाहीस. खिडकी आहे, पण कधीतरी रंग देताना ती चौकटीला चिकटली ती कायमची. तीन भिंतींना लोखंडी कपाटं आणि चौथ्या भिंतीला मी. दाराबाहेर बाक आहे, त्याची एक फळी ढिली झाली आहे, ती बसणाऱ्याला चिमटा काढते. पत्रकार होतो तेव्हा त्या बाकावर मी तासन् तास काढले. आता सहा वर्षं आतून ऐकतो. बाहेर कुणी "आई गं" म्हणालं की समजायचं, वर्तमानपत्राचा माणूस आला. मग शिपाई त्याला सांगतो, साहेब मीटिंगमध्ये आहेत. मी इथेच असतो, थंड झालेला चहा समोर घेऊन.

तू विचारलंस त्याबद्दल मला काही लिहिता येणार नाही. दहा तारखेला आम्हा सगळ्यांकडून कागदावर सही घेतली आहे. बजेटचं भाषण होईपर्यंत त्यातला शब्दही घरी, दारी, पत्रात बोलायचा नाही. फोनसुद्धा फाटकावर जमा करतात. तुला हो म्हणता येत नाही आणि नाहीही म्हणता येत नाही. तुझं तू ठरव. तुझ्याइतकं त्या मुलांना कुणी ओळखत नाही.

फार दमलोय, अक्का. शाळेत असताना पाढे म्हणताना मधेच विसरायचो ना, तसं आता वाक्य लिहिताना होतं.

तुझा
खबऱ्या


२३ जानेवारी

चि. खबऱ्या,

तुझ्या तोंडात साखर पडो.

पत्र वाचलं आणि शाळेत सगळ्या शिक्षिकांना जमवून म्हटलं, काळजी करू नका. त्या म्हणाल्या, भावांनी सांगितलं का? मी म्हटलं, छे, भाऊ अळीमिळी गुपचिळी करून बसलाय. त्यातच सगळं आलं.

विसरलास वाटतं? तुम्ही दोघं इथे राहायला आला होतात त्या वर्षी जेवताना तू आम्हाला धडाच दिला होतास. म्हणालास, सरकारातली चांगली बातमी नेहमी दाबून ठेवतात, कारण ती मंत्र्यांना स्वतःच्या तोंडाने सांगायची असते, टाळ्या घ्यायच्या असतात. वाईट बातमी कुणी दाबत नाही. ती महिनाभर आधीच हळूच सोडून देतात, म्हणजे लोक आधीच ओरडून घेतात आणि जाहीर होते तेव्हा त्यांच्यात त्राण उरत नाही. म्हणून साहेब "मला बोलता येणार नाही" म्हणाला की तुम्ही पत्रकार पेढे मागायचात.

तेव्हा मी तुझ्याकडे कौतुकाने बघत होते. बायको ताटाकडे बघत होती, तिने ते आधी दहादा ऐकलं असणार.

मी दहा तारखेला हेडमास्तरांना कळवीन. फार बरं वाटतंय रे. रात्री झोप लागत नव्हती, आता लागते. तू मात्र तब्येत सांभाळ. जीव आहे तर तिजोरी आहे.

अक्का


३१ जानेवारी

अक्का, नमस्कार.

तो धडा मी कधी दिला आठवत नाही, पण माझाच असणार. इतक्या रुबाबात चुकीचं बोलणारा आपल्या घरात दुसरा कुणी नाही.

तू त्यावर विसंबू नकोस. पत्रकार लोक चारदा खरा ठरलेला अंदाज नियम म्हणून सांगतात, आणि दहादा फसलेला सोयीस्कर विसरतात. मी आत आल्यापासून बघतोय, इथे चांगलंही दाबतात आणि वाईटही. कधी कधी तर नुसतं सवयीने दाबतात. गेल्या वर्षी पंखे दुरुस्त होणार ही बातमीसुद्धा गोपनीय होती.

हेडमास्तरांकडून महिनाभर मुदत मिळते का बघ. घाई कशाला? जूनला अजून वेळ आहे. चांगल्या माणसाला एकदम नाही म्हणू नये, एवढंच माझं म्हणणं. यापलीकडे मला लिहिता येत नाही.

हिचे गुडघे पुन्हा दुखू लागलेत. तुला नमस्कार सांगितलाय.

खबऱ्या


८ फेब्रुवारी

चि. खबऱ्या,

किती रे घाबरतोस. तुझं पत्र वाचून हसूच आलं. अक्काने ओळखलं म्हटल्यावर धाबं दणाणलं ना? गावभर बोंबलेल आणि आपली नोकरी जाईल. म्हणून मग ही झाकपाक, नियम खोटा, पंखे गोपनीय. मी कुणाला काही सांगितलेलं नाही. शिक्षिकांनाही बजावलंय.

तुझ्या शब्दाला मान म्हणून हेडमास्तरांकडे मुदत मागितली. ते म्हणाले, बाई, मलाही वरती कळवायचं असतं, दहाच्या पुढे एक दिवस नाही. मग म्हटलं, दोन दिवस आधीच सांगून टाकावं, त्यांना तरी ताटकळत का ठेवा. आज पूल ओलांडून गेले आणि नाही म्हणून आले. त्यांना वाईट वाटलं. चहा दिला, दारापर्यंत पोचवायला आले.

परत येताना पुलावर थांबले थोडा वेळ. खूप वर्षांनी कसलं ओझं नव्हतं. शाळेत येऊन मोठ्या मुलींना सांगितलं की आपण इथेच राहणार. त्यांनी असा गलका केला की खालचा शिंपी वर बघायला आला. बहिऱ्या मुलांचा गलका तू ऐकलेला नाहीस. त्यांना स्वतःला ऐकू येत नाही ना, म्हणून तो आवरतच नाही.

अक्का


२ मार्च

खबऱ्या,

परवा भाषण झालं. एका शिक्षिकेने मला पेपरातून वाचून दाखवलं. आपली शाळा कात्री लागणाऱ्या शाळांच्या यादीत आहे. मेपासून अनुदान बंद.

मी तिला म्हटलं, तो परिच्छेद पुन्हा वाच. "मोजक्या साधनांतून जास्तीत जास्त मुलांपर्यंत पोहोचायचं असेल, तर हे लहान लहान दिवे एका छताखाली आणावे लागतील." हे मंत्र्यांचं वाक्य नाही. बाबा गेले तेव्हा तू पेपरात लिहिलं होतंस, त्यातही दिवे होते. गिरणी बंद पडली त्यावर लिहिलंस, त्यातही होते. दुःखाची गोष्ट आली की तू दिवे लावतोस. मी तुझी बहीण आहे, मला तुझं वाक्य कळतं.

एवढंच सांग. ते तू लिहिलंस का? आणि कधी?

अक्का


७ मार्च

अक्का,

हो. मी लिहिलं. अकरा जानेवारीला.

यादी माझ्या टेबलावर आली त्यानंतर दोन दिवसांनी तुझं पत्र आलं. तू विचारत होतीस तेव्हा ते वाक्य लिहून झालं होतं. मोठ्या साहेबांना फार आवडलं होतं. म्हणाले, तुमच्यासारखा लिहिणारा माणूस हवाच होता आम्हाला.

तू विचारशील, का नाही सांगितलंस? सहीचं कारण मी स्वतःला रोज देत होतो, ते पुरेसं नाही. खरं सांगतो. मला इथे घेतलं तेव्हा सगळ्या खात्यात एकच बोललं गेलं, हा पत्रकार आहे, याच्या पोटात काही राहायचं नाही. सहा वर्षं मी ते खोटं ठरवण्यात घालवली. जुने मित्र बाकावर येऊन बसले, मी भेटलो नाही. एकाने तर मला मुलीच्या लग्नालाही बोलावलं नाही. मला वाटायचं, चालेल, पण माझ्या पोटात राहतं हे तरी सिद्ध होतंय. आणि मग तुझं पत्र आलं. मी ते सिद्ध केलं, तुझ्यावर.

एकतीस जानेवारीला मी शहाणपणा केला. वाटलं, सही मोडायची नाही आणि तुलाही वाचवायचं. आडून आडून सुचवलं. आडून सुचवलेलं वाचणाऱ्याला हवं तसंच वाचलं जातं, हे मी वीस वर्षं दुसऱ्यांना सांगत होतो.

आणि यापेक्षाही वाईट एक आहे. तुझं आठ फेब्रुवारीचं पत्र बाराला आलं. तू नाही म्हणून आलीस हे वाचलं आणि पहिल्यांदा काय वाटलं असेल? हायसं वाटलं. आता मला काही ठरवायचं उरलं नाही. ते पत्र खिशात ठेवून मी जेवायला गेलो आणि पोटभर जेवलो.

यावर तू काही लिहू नकोस. लिहिलंस तरी मी काय उत्तर देणार.

तुझा भाऊ


१५ मार्च

खबऱ्या,

लिहू नकोस म्हणालास म्हणून आठवडाभर लिहिलं नाही. नाहीतर जे लिहिलं असतं ते तुला जन्मभर पुरलं असतं.

हेडमास्तरांकडे गेले. आता माझ्याकडे तोंड नव्हतं, पण पाय होते. खोल्या कॉम्प्युटरवाल्यांना गेल्या. हेडमास्तरांनी बिचाऱ्यांनी खटपट करून मागच्या दोन खोल्या काढल्या. सव्वीस मुलं, दोन शिक्षिका. मोठी मुलं, जी नेहमीच्या वर्गात निम्मा वेळ बसू शकतील. पंधरा उरतात. सगळ्यात लहान. ज्यांना अजून पाणी हवंय हेसुद्धा हाताने नीट सांगता येत नाही. त्यांना जवळपास कुठेच जागा नाही. माझं म्हणशील तर मला घरी बसायला काही हरकत नाही, पाय दुखतातच.

पंधरा घरी हे सांगायला हवं. मी चार दिवस कागद घेऊन बसते आहे. "कळवण्यास खेद वाटतो" लिहिते आणि फाडते. मला ते येत नाही. तुला येतं, तुझा धंदाच तो.

तर तू लिहून दे. दिवे लावायचे नाहीत. लोक रोजंदारीवर जाणारे आहेत, त्यांना एका वाचनात कळलं पाहिजे. हे मी तुला शिक्षा म्हणून सांगत नाही. खरंच मला जमत नाही.

अक्का


१९ मार्च

अक्का,

सोबत पत्र आहे. पंधरा प्रती हाताने काढल्यात, प्रत्येकीवर सही केली आहे. खालचं पद मुद्दाम लिहिलंय, खोडू नकोस. आमच्यात निर्णयाखाली माणसाचं नाव कधी येत नाही, "शासन" येतं. पेपरात असताना माझ्या बातमीवर नाव असायचं आणि दुसऱ्या दिवशी लोक येऊन शिव्या देऊन जायचे. ती सवय मोडायला नको होती.

    पालकांना नमस्कार.
    तुमच्या मुलाची शाळा मे महिन्यापासून बंद होत आहे. सरकारने लहान शाळांना मिळणारा पैसा बंद केला आहे. पुलापलीकडच्या शाळेत सव्वीस मुलांना जागा मिळाली. तुमच्या मुलाला मिळाली नाही. यात तुमच्या मुलाचा दोष नाही.
    बाईंचाही नाही. पैसा बंद होणार हे मला सात आठवडे आधी माहीत होतं. बाईंनी मला विचारलं होतं. तेव्हा त्या शाळेत सगळ्या एकेचाळीस मुलांना जागा होती. मी सांगितलं असतं तर तुमचं मूल आज तिथे असतं. मी सांगितलं नाही.
    तक्रार करायची असेल तर या सहीखालच्या माणसाविरुद्ध करा. पत्ता दिला आहे.
    बाईंचा धाकटा भाऊ,
    अधिकारी, अर्थसंकल्प शाखा, अर्थ खातं

हे वर पोहोचेल तेव्हा काय होईल ते मला माहीत आहे. हिला सांगितलंय. ती म्हणाली, निदान आता घरी जेवशील.

भाऊ


२ एप्रिल

चि. खबऱ्या,

तुला कामावरून दूर केल्याचं तुझ्या बायकोने कळवलं. वाईट वाटलं. बरंही वाटलं. दोन्ही खरं आहे, आता तुझ्यापाशी काय लपवायचं.

तुझी पत्रं मी स्वतः घरोघर दिली. चौदा घरी मला पाणी विचारलं, काही जणी रडल्या, एका बापाने तुला आईवरून शिवी घातली. ती मी तशीच ऐकून घेतली, मला ती ऐकू आली.

पंधरावं घर नाल्याजवळचं. तिथली आई मुलीसारखीच बहिरी आहे, पण वाचता येतं. धुण्याच्या ओल्या हातांनी तिने दारातच उभ्याने वाचलं. मग हाताने विचारलं, हा कोण? मी म्हटलं, माझा भाऊ. याला माहीत होतं? होतं. आणि तुम्हाला सांगितलं नाही? मी म्हटलं, नाही. मी तिच्या मुलीला जागा नाही हे सांगायला गेले होते, आणि तिने मलाच जवळ घेतलं, अरे. पाठीवर हात फिरवत राहिली. महिन्याभरात मी रडले नव्हते, ते तिच्या उंबऱ्यात रडले.

नंतर तिने मला बसवलं आणि सांगितलं, भावाला बोलवा. मला त्याच्याशी बोलायचं आहे. कागदावर नाही, समोर.

मी तिला हो म्हटलं आहे. माझा राग गेलेला नाही, लवकर जाणारही नाही, पण तू ये. या रविवारी सकाळच्या गाडीने ये, मी स्टँडवर असेन. तिच्या घरी आपण दोघं जाऊ. तुला तिची भाषा येत नाही. ती जे बोलेल ते मी तुला सांगेन, आणि एकही शब्द गाळणार नाही.

अक्का